एमएचटी-सीईटीचा कॉम्प्युटरवरचा पेपर नेमका कसा असतो? लेक बारावीला आहे, कुणी नीट सांगेल का

केळीबाग रावेर, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यातला, केळीची शेती आहे. लेक यंदा बारावी सायन्सला, पीसीएम म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-गणित ग्रुप. इंजिनीअरिंगच्या प्रवेशासाठी तिला सीईटी द्यायची आहे. दहावीपर्यंत गावच्याच शाळेत, मराठी माध्यम, फक्त गणित-विज्ञान सेमीतून. अभ्यासाची तिला सांगावी लागत नाही, त्या बाबतीत मी निर्धास्त आहे. परवा जेवताना तिने विचारलं, "आबा, पेपर कॉम्प्युटरवर असतो म्हणजे उत्तरं टाईप करायची का?" मला काही सांगता आलं नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं.

विचारायला गेलो तर चार जणांची चार तोंडं. पुतण्याने २०१७ साली सीईटी दिली होती, तो म्हणतो काळ्या पेनाने गोळे रंगवायचे. केळी भरताना ट्रकवर एक जण भेटला, तो म्हणाला चुकलं की मार्क कापतात, येत नाही ते सरळ सोडायचं. मेव्हणे म्हणतात पेपर मराठीत मिळतो, मराठीच घ्या, पोरीला सोपं जाईल. एका क्लासमध्ये विचारलं तर म्हणाले आधी ॲडमिशन घ्या, मग सगळं सांगू.

घरात कॉम्प्युटर नाही. मोबाईल आहे, तोही माझाच. किती प्रश्न, किती वेळ, कसं उत्तर द्यायचं, मार्क कसे धरतात, एवढं कुणी बाराखडीपासून सांगितलं तर फार उपकार होतील.

चोपड्याचा पोरगा, रात्री ९.४५

आबा, मी चोपडा तालुक्यातला, आता शिरपूरला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तुमची लेक जिथे अडली तिथेच मीही अडलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पुतण्याचं. तो खोटं बोलत नाही. २०१८ पर्यंत पेपर कागदावरच होता, ओएमआर शीटवर गोळे रंगवायचे. २०१९ पासून परीक्षा कॉम्प्युटरवर गेली. त्यामुळे मोठ्या भावंडांचा अनुभव या बाबतीत कामाचा नाही.

पीसीएमला एकूण २०० गुण आणि १८० मिनिटं. पण ती १८० मिनिटं सलग आपली नसतात, मधोमध भिंत आहे. पहिली ९० मिनिटं फिजिक्स आणि केमिस्ट्रीची. दोन्हीचे ५०-५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, म्हणजे १०० गुण. पुढची ९० मिनिटं गणिताची. प्रश्न ५०, पण प्रत्येकी २ गुण, म्हणजे तेही १०० गुण. पहिल्या ९० मिनिटांत गणित उघडतच नाही. आणि गणित एकदा उघडलं की फिजिक्स-केमिस्ट्री बंद, परत मागे जाता येत नाही. हे कळलं की अर्धी परीक्षा कळली असं मी मानतो.

टाईप काही करायचं नाही. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात, माऊसने एकावर क्लिक करायचं. टाईप करायचं जे तिच्या कानावर आलं असेल ते बहुतेक जेईई मेनचं, म्हणजे इंजिनीअरिंगच्या देशपातळीवरच्या परीक्षेचं असावं. तिथे प्रत्येक विषयाच्या २५ प्रश्नांपैकी ५ प्रश्नांचं उत्तर आकड्यात भरावं लागतं. त्यासाठीही स्क्रीनवरच आकड्यांची पाटी येते.

केळीबाग रावेर, रात्री १०.०५

दादा, फार मोलाचं सांगितलंत. लेक शेजारी बसून वाचते आहे. ती विचारते, फिजिक्स-केमिस्ट्री ७० मिनिटांतच झालं तर उरलेली २० मिनिटं गणिताला मिळतात का?

शहादेकर, रात्री १०.३०

नाही मिळत. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून मीच उत्तर देते.

मला केमिस्ट्री आवडायची. पहिला पेपर मी घाईघाईने ६५ मिनिटांत उरकला. मनात हिशेब असा, की वाचलेला वेळ गणिताला लावू. मग बघते तर गणिताच्या नावावर क्लिकच होत नाही. घड्याळ उलटं चाललंय, अजून २५ मिनिटं बाकी, आणि मी बसले आहे. खरं तर तेव्हा फिजिक्सचे प्रश्न परत काढून तपासायला हवे होते. मी घाबरून नुसती स्क्रीनकडे बघत राहिले. नंतर उत्तरं आली तेव्हा फिजिक्समध्ये सात ठिकाणी साधी आकडेमोड चुकलेली सापडली. ती २५ मिनिटं त्या सात प्रश्नांना पुरली असती.

म्हणून ताईला सांगा, वेळ या पेपरातून त्या पेपरात नेता येत नाही. पहिल्या ९० मिनिटांच्या आत मात्र फिजिक्स आणि केमिस्ट्रीत हवं तसं पुढेमागे फिरता येतं. मी दुसऱ्या वर्षी परत परीक्षा दिली तेव्हा केमिस्ट्री आधी घेतली, ३५ मिनिटांत संपवली, ५० मिनिटं फिजिक्सला दिली आणि शेवटची ५ मिनिटं फक्त राहिलेल्यांना. सरासरी काढली तर पहिल्या पेपरात एका प्रश्नाला ५४ सेकंद येतात, गणितात १ मिनिट ४८ सेकंद. केमिस्ट्रीचे बरेच प्रश्न वाचताक्षणी येतात किंवा येतच नाहीत, तिथे वाचलेले सेकंद फिजिक्सच्या कामी येतात.

धुळ्याची मॅडम, दुसऱ्या दिवशी सकाळी ७.२०

मी धुळ्यात कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवते. वरची दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. आबांच्या दोन शंका राहिल्या, त्यावर लिहिते, कारण या दोन गैरसमजांत दरवर्षी मुलांचे गुण जाताना मी पाहते.

पहिली शंका चुकीच्या उत्तराची. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही. चुकलं तर शून्य, सोडलं तरी शून्य. मग सोडायचं कशाला? समजा गणितात शेवटी १० प्रश्न कोरे राहिले. चार पर्यायांतला एक डोळे झाकून निवडला तरी सरासरीने अडीच बरोबर येतात, म्हणजे ५ गुण. दोन पर्याय नक्की चुकीचे आहेत एवढं जरी ओळखता आलं तरी ते ५ चे १० होतात. मी वर्गात सांगते, शेवटच्या तीन मिनिटांत गणित सोडवायचं थांबवा आणि एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

दुसरी शंका माध्यमाची. यावर कृपया नीट विचार करा. फॉर्म भरताना माध्यम निवडायचं असतं. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचा पेपर इंग्रजीखेरीज मराठी आणि उर्दूतही उपलब्ध असतो. गणिताचा मात्र फक्त इंग्रजीत. मेव्हण्यांचा हेतू चांगला आहे, पण मुलगी अकरावी-बारावीची दोन वर्षं कोणत्या भाषेतल्या पुस्तकातून शिकली ते बघा. आपल्याकडे सायन्सची मुलं इंटरफेरन्स, डिफ्रॅक्शन, कॅपॅसिटर असंच शिकतात. परीक्षेत त्यांच्यासमोर व्यतिकरण, विवर्तन, धारित्र आलं की मराठी आपली मायबोली असूनही मुलं थबकतात. ते शब्द चांगलेच आहेत, पण मुलांच्या कानावर कधी पडलेलेच नसतात. ५४ सेकंदांतले २० सेकंद शब्द ओळखण्यात जातात. जी मुलगी दोन्ही वर्षं मराठी संज्ञा वापरत शिकली असेल तिने मराठी अवश्य घ्यावं. बाकीच्यांनी ज्या भाषेत सराव केला तीच ठेवावी.

आणि एक, अकरावी. प्रश्नांपैकी साधारण २० टक्के अकरावीच्या निवडक धड्यांवर असतात, ८० टक्के बारावीवर. म्हणजे २०० पैकी ४० गुण अकरावीचे. फिजिक्समध्ये मोशन इन अ प्लेन, साउंड, ऑप्टिक्स, गणितात कॉम्प्लेक्स नंबर्स, प्रोबॅबिलिटी, स्ट्रेट लाईन असे धडे. अकरावी हे आरामाचं वर्ष समजून मुलं पुस्तक रद्दीत देतात. ताईचं पुस्तक घरात असेल तर आजच शोधून ठेवा. कोणते धडे धरायचे त्याची अधिकृत यादी सीईटी कक्ष, म्हणजे परीक्षा घेणारं राज्याचं कार्यालय, संकेतस्थळावर देतो, तीच पाहावी. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्या जुन्या असतात.

साक्रीना बाप, सकाळी ८.५०

राम राम भाऊ. मना पोरगा बी बारावीले शे, पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी). तो म्हणस नीट बी देवानी शे आनि सीईटी बी देवानी शे. दोन्ही एकच शेतस का येगयेगळ्या? माले काहीच समजत नही.

धुळ्याची मॅडम, सकाळी ९.०५

भाऊ, दोन्ही वेगळ्या आणि नियम अगदी उलटे, म्हणून हे त्याच्याकडून पाठ करून घ्या. एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद यांचे प्रवेश नीटवर होतात. बी.फार्मसी आणि बी.एस्सी. कृषीचे प्रवेश एमएचटी-सीईटीवर होतात. म्हणजे धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात जायचं असेल तर सीईटी द्यावी.

२०२५ ची नीट कागदावर होती, ओएमआर शीटवर. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबरला ४ आणि चुकीला उणे १. तिथे अंदाजाने गोळा रंगवला तर नुकसान होऊ शकतं. सीईटीत उलट, कोरं ठेवलं तर नुकसान. पीसीबीच्या सीईटीतही पहिली ९० मिनिटं फिजिक्स-केमिस्ट्रीची, वर सांगितलं तशीच. नंतरच्या ९० मिनिटांत बायोलॉजीचे १०० प्रश्न, प्रत्येकी १ गुण. नीटची सवय लागलेली मुलं सीईटीतही प्रश्न सोडत बसतात. त्याला दोन्हीचा सराव वेगवेगळ्या दिवशी करू द्या.

साक्रीना बाप, सकाळी ९.१५

बठ्ठं समजनं ताई. पोरले वाची दाखाडस.

चोपड्याचा पोरगा, सकाळी ११.३०

स्क्रीन कशी दिसते ते काल राहिलं होतं. ज्याने कधी कॉम्प्युटर हाताळला नाही त्याला हेच सगळ्यात जास्त छळतं.

डावीकडे प्रश्न आणि पर्याय. उजवीकडे वर उलटं चालणारं घड्याळ, त्याखाली प्रश्नांच्या नंबरांच्या चौकटी. न पाहिलेल्या प्रश्नाची चौकट रंगाविना. प्रश्न पाहिला पण उत्तर दिलं नाही तर लाल. उत्तर दिलं की हिरवी. नंतर बघू म्हणून खूण केली तर जांभळी. आता मुलं गोंधळतात ते इथे. जांभळ्या चौकटीवर हिरवा ठिपका असेल तर उत्तर नोंदलं गेलंय आणि ते तपासलं जातं. नुसती जांभळी असेल तर उत्तर दिलेलंच नाही, फक्त खूण आहे. शेवटी ज्या चौकटी लाल किंवा नुसत्या जांभळ्या दिसतील, त्याच आधी भरायच्या.

पर्यायावर क्लिक केल्यावर 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबायला विसरायचं नाही. माझ्या खोलीवरचा मित्र सरावात पर्याय निवडायचा आणि उजवीकडच्या चौकटीवरून थेट पुढच्या नंबरावर उडी मारायचा. मागे बघितलं तर सगळं लाल. सरावात कळलं म्हणून वाचला.

आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. प्रश्न समोर स्क्रीनवर, गणित करायचं खाली कच्च्या कागदावर. मान सारखी वर-खाली. पुस्तकात बोट ठेवून वाचायची सवय असते, इथे बोट ठेवता येत नाही. मी ०.०३६ चं ०.३६ उतरवून घेतलं आणि त्याच चुकीच्या आकड्यावर तीन ओळी सोडवल्या. उत्तर पर्यायांत नाही. परत केलं, परत नाही. चार मिनिटांनी वर बघितलं तेव्हा ते शून्य दिसलं. तेव्हापासून सवय लावून घेतली, प्रश्नातले आकडे आधी कागदावर ओळीने उतरवायचे, एकदा स्क्रीनशी ताडून बघायचे, मगच पेन चालवायचं. कॅल्क्युलेटर नसतो, त्यामुळे हाताने गुणाकार-भागाकार करण्याचा सराव हवाच.

भुसावळ जंक्शन, दुपारी १.१०

परसेंटाइलवर कुणी लिहिलं नाही अजून. माझ्या मुलाचा निकाल लागला तेव्हा आमच्या घरात यावरून रडारड झाली होती, म्हणून लिहितो. त्याला ८८ परसेंटाइल आलं. आजीने पेढे वाटले, ८८ टक्के पडले म्हणून. तो बिचारा कोपऱ्यात गप्प बसलेला.

परसेंटाइल म्हणजे टक्के नाहीत. परीक्षा बरेच दिवस चालते, सकाळ आणि दुपार अशी सत्रं असतात, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा. एखादा अवघड, एखादा सोपा. म्हणून नुसते गुण एकमेकांशी ताडत नाहीत. आपल्या सत्रात किती मुलांना आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण आहेत ते बघतात. समजा सत्रात २०,००० मुलं बसली आणि १७,६०० जणांना आपल्याइतके किंवा कमी गुण आहेत. १७,६०० भागिले २०,००० गुणिले १००, आले ८८. निकालावर हा आकडा दशांशानंतर सात घरांपर्यंत छापलेला असतो, कारण लाखो मुलांत एकाच जागी खूप गर्दी होते.

म्हणून पेपर अवघड गेला तर खचायचं नाही. तुमच्या सत्रातल्या सगळ्यांनाच तो अवघड गेलेला असतो. अवघड सत्रात ११० गुणांनाही चांगलं परसेंटाइल येतं. सकाळचा पेपर देऊन आलेल्या मैत्रिणीने 'सोपा होता' म्हटलं तर ते मनाला लावून घेऊ नये.

इंजिनीअरिंगची गुणवत्ता यादी या परसेंटाइलवर लागते. बारावीत पीसीएमला खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के आणि आरक्षित प्रवर्गासाठी ४० टक्के लागतात, पण ते पात्रतेपुरते. जळगावच्या शासकीय अभियांत्रिकीची जागा बोर्डाचे गुण बघून मिळत नाही. म्हणून बोर्डाचा शेवटचा पेपर झाला की मुलांचं अंग सैल पडू देऊ नका. खरी कसोटी त्यानंतरच्या आठवड्यांत असते.

शहादेकर, दुपारी ३.४०

परीक्षेच्या दिवसाचं थोडं. परीक्षा एप्रिल-मेमध्ये येते, तेव्हा आपल्याकडे पारा ४३-४४ ला असतो. सत्र सकाळचं असेल तर ९ ते १२, दुपारचं असेल तर २ ते ५. केंद्रावर मात्र बरंच आधी हजर राहावं लागतं, ती वेळ हॉल तिकिटावर असते आणि गेट बंद झालं की कुणाचं चालत नाही. सकाळचं सत्र आलं तर आदल्या रात्रीच जळगावात नातेवाईकांकडे मुक्काम करा. पहाटेच्या एसटीवर भरवसा ठेवू नका. दुपारचं आलं तर ताईला उन्हात बाहेर ताटकळत ठेवू नका, पोटात काहीतरी हलकं असू द्या. हॉल तिकीट आणि ओळखपत्र मूळ, नुसती झेरॉक्स चालत नाही.

आणि मशीन बिघडलं तर रडायचं नाही. दुसऱ्या वेळी माझा माऊस मधूनच अडकायला लागला. पहिली दोन-तीन मिनिटं मी कुणाला काही सांगितलंच नाही, आपल्यालाच जमत नाही असं वाटलं. मग हात वर केला. सरांनी दुसऱ्या मशीनवर बसवलं, लॉगिन केलं, तर आधीची सगळी उत्तरं जशीच्या तशी होती आणि घड्याळही जिथे थांबलं होतं तिथूनच सुरू झालं. आपल्या मुली सांगायला लाजतात. तिला सांगून ठेवा, काही अडलं तर त्याच क्षणी हात वर.

केळीबाग रावेर, पाच दिवसांनी, रात्री ८.३०

मंडळी, उशीर झाला, माफ करा. घडभरणी चालू होती.

तुम्ही लिहिलेलं सगळं लेकीने वहीत उतरवून घेतलं. रविवारी तिला फैजपूरला घेऊन गेलो. तिथे माझ्या मित्राचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, दोन कॉम्प्युटर आहेत. त्याला म्हटलं तीन तास एक कॉम्प्युटर दे, तासाचे पैसे घे. त्याने पैसे घेतले नाहीत. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर सरावाचा पेपर सापडला, तो लावून दिला.

पहिली दहा मिनिटं माझ्याने बघवत नव्हतं. माऊसचा बाण एकीकडे, तिची नजर दुसरीकडे. मोबाईलवर बोट फिरवायची सवय, त्यामुळे दोनदा तिने स्क्रीनलाच बोट लावलं आणि माझ्याकडे बघितलं. मी तोंड फिरवून बाहेर जाऊन उभा राहिलो. तासाभराने आत आलो तर एका हाताने माऊस, दुसऱ्या हाताने कागदावर आकडे, मान वर-खाली, अगदी चोपड्याच्या दादांनी लिहिलं तसं. पहिल्या पेपरात १४ प्रश्न लाल राहिले होते, वेळ संपली. गणितात मात्र शेवटी घड्याळ बघून थांबली आणि सगळ्या चौकटी हिरव्या केल्या. एकही लाल नाही.

माध्यम इंग्रजीच ठेवणार आहोत. मॅडमचं वाचून तिला विचारलं, विवर्तन म्हणजे काय. तिने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, आबा, इंग्रजीत सांगा ना. मी सांगू शकलो नाही, पण माझं उत्तर मला मिळालं.

अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक माळ्यावर सापडलं, गणिताचं नाही. कुणाकडे रावेर-सावदा भागात अकरावीचं गणिताचं जुनं पुस्तक, दोन्ही भाग, असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन.

भुसावळ जंक्शन, रात्री ८.५०

आहे माझ्याकडे, मुलाचं. दोन्ही भाग. पानं जरा सुटलेली आहेत पण सगळी आहेत. येऊ नका, शनिवारी मीच रावेरला येतो आहे, बस स्टँडवर भेटा.